गाण्याआधीचा श्वास

नवा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर घरी आला त्या दिवसापासून प्रत्येक गाण्याआधी त्याला कुणीतरी श्वास घेतल्याचं ऐकू यायचं. डाव्या कानात, अगदी जवळ. बोलायला तोंड उघडावं आणि बोलणं राहून जावं, तसा.

त्याने वायरी बदलल्या, यंत्रातले काचेचे व्हॉल्व्ह बदलले, दुसरे हेडफोन आणले. श्वास काही हटेना. दुरुस्तीवाल्याने सगळं तपासून यंत्र परत दिलं. "मशीन ठणठणीत आहे, साहेब. कान दाखवून घ्या एकदा."

तो पार वैतागला. इतकी वर्षं गाण्याच्या ज्या निखळ आवाजाचा ध्यास घेतला, तो घरात आला होता. आणि हा मेला श्वास एक गाणं धड ऐकू देत नव्हता.

रविवारी दुपारी त्याने प्लग उपटला आणि यंत्र खोक्यात भरायला घेतलं.

"एवढं काय ऐकू येतं, बघू तरी," म्हणत बायकोने हेडफोन कानाला लावले.

"अगं, बंद आहे ते!"

तिने हात वर करून त्याला गप्प केलं. थोडा वेळ ऐकत राहिली. मग फोनवर बोलावं तशी सहज म्हणाली, "हो, आहेत ना. इथेच बसलेत."

आणि हेडफोन काढून तिने त्याच्यापुढे धरले.

"अहो, घ्या. तुमच्याशीच बोलायचंय म्हणे."