चालू स्थितीतलं मशीन

मांडवाखालच्या दोन टेबलांवर एकूण एकोणपन्नास वस्तू होत्या. सतरा स्टीलचे डबे, अकरा पुस्तकं, नऊ साड्या, पाच भिंतीवरची घड्याळं, चार इस्त्र्या, एक टेबलफॅन, एक कुकर आणि एक बीपीचं मशीन. प्रेरणानं त्या दोनदा मोजल्या होत्या. पहिल्या खेपेला मोजणी संपायच्या आतच मंजुश्रीनं दुसरा कुकर विकून टाकला होता.

कमलनगरच्या बसस्टँडसमोर बी.एस्सी.च्या मुलींनी जुन्या सामानाची ही विक्री मांडली होती. मागच्या फलकावर मंजुश्रीच्या थोरल्या भावाचं नाव होतं. हरिओम, वय चोवीस, डायलिसिससाठी मदत. जीपवाल्यांच्या आरोळ्यांवर मंजुश्रीचा आवाज चढत होता.

"या अक्का, या! डबा आमचा घ्या, झाकण तुमच्या घरचं लावा!"

धोतराचा सोगा सावरत उद्धवराव आले. त्यांना बायकोसाठी, राजूबाईसाठी, बीपीचं मशीन हवं होतं.

"चालायलंय का हे, का नुसतं दिसायलंय?"

"चालतंय की अण्णा." मंजुश्री बाही वर सारून खुर्चीत बसली. "प्रेरणा, माझंच बघून दाखव."

प्रेरणानं पट्टा गुंडाळला, बटण दाबलं. पट्टा फुगला, थांबला, परत फुगला. आकडे आले. वर एकशे अठ्ठ्याण्णव, खाली एकशे बावीस.

उद्धवराव मोठ्यानं हसले. "ह्या हिशेबानं तर तुला बाजेवर घालून न्यायला पायजे, माय! मशीन बाद हाय."

मंजुश्री त्यांच्याहून मोठ्यानं हसली. "मग निम्म्या भावात न्या!"

"बाद माल नेऊन करू काय? राजूबाईचा उगं जीव घाबरा करू?"

प्रेरणा हसली नाही. मशीन बाद असेल तर बाद म्हणूनच विकायचं, पण आधी बघायचं, असं तिचं होतं. तिनं सेल बदलले. मग पट्टा स्वतःच्या दंडाला लावला. एकशे बारा, चौऱ्याहत्तर. मग उद्धवरावांना बसवलं. एकशे छत्तीस, चौऱ्याऐंशी.

उद्धवराव आकड्यांवर वाकले. "आरं! सकाळी दवाखान्यात एवढंच निघालं होतं की माझं. दोन-चाराचा फरक." त्यांनी बंडीच्या खिशातून नोटा काढल्या. "बांध गं पोरी. मशीन बेस हाय."

मंजुश्रीनं मशीनकडे हात नेला. प्रेरणानं पट्टा सोडला नाही.

"काय करायलीस? गिऱ्हाईक उभं हाय."

"तू बस."

"कामून? वरडून वरडून वाढलं असंल माझं. सकाळपासून उभी हाय."

"म्हणूनच बस. पाच मिनिटं. बोलू नको."

मंजुश्री बसली. चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, त्याचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. उद्धवरावांची नोटा धरलेली मूठ हळूहळू खाली आली.

"डोकं दुखतंय का गं तुझं?" प्रेरणानं विचारलं.

"सकाळी उठल्यावर तेवढं. सगळ्यांचंच दुखतंय की."

एक बाई साडीची घडी उलगडून बघत होती. तिनं दोनदा भाव विचारला आणि उत्तर आलं नाही म्हणून ती निघून गेली.

"दादाचं पैल्यांदा असंच निघालं होतं," मंजुश्री हलकेच म्हणाली. "खेळाच्या तपासणीत. तवा आमी बी मशीन बाद हाय म्हणून हसलाव."

प्रेरणानं या वेळी डावा दंड घेतला. पट्टा कोपराच्या दोन बोटं वर, हात टेबलावर, पाय जमिनीला टेकलेले. उदगीरची बस आली. कंडक्टरनं आरोळी ठोकली. मंजुश्रीनं तिकडे पाहिलं नाही, मशीनकडेही नाही. ती प्रेरणाच्या तोंडाकडे बघत होती.

बटण दाबलं.

वर एकशे चौऱ्याण्णव. खाली एकशे बावीस.