शाळा सुटेपर्यंत

भिंगरी रांगेत उभी होती आणि तिच्या हनुवटीतून रक्त गळत होतं.

मधली सुट्टी चालली होती. मैदानावर लक्ष ठेवायची पाळी बाईंची. तक्रार घेऊन येणाऱ्या मुलांनी रांग लावायची, हात वर करायचा आणि आपला नंबर आला की मग तोंड उघडायचं, असा या शाळेचा शिरस्ता. पहिल्याची पाण्याची बाटली हरवली होती. दुसऱ्याला कोणीतरी ढकललं होतं. तिसऱ्याला नुसतंच सांगायचं होतं की त्याच्याकडे मांजर आहे. बाईंनी मांजराचं कौतुक केलं, मान वर केली आणि त्यांना स्वतःची मुलगी दिसली. एक हात वर, दुसऱ्या हाताने हनुवटी दाबलेली. शर्टाची कॉलर लाल झाली होती.

"मिस," भिंगरी इंग्रजीत म्हणाली, "मी बोलू का?"

बाई तिच्याकडे धावल्या. "अगं, हाक नाही का मारायची?" त्या ओरडल्या, तेही मराठीत.

भिंगरीने घाबरून इकडेतिकडे पाहिलं. "रांग होती, मिस," ती म्हणाली. पुन्हा इंग्रजीतच.

शिक्षकांच्या मुलांनी शाळेच्या आवारात आईला आई म्हणायचं नाही, घरची भाषा बोलायची नाही. बाकीच्या मुलांना परकं वाटतं म्हणे. प्रिन्सिपलबाईंनी हे पहिल्याच दिवशी इतक्या गोड आवाजात सांगितलं होतं की बाईंना आधी तो सल्लाच वाटला. नोकरी अजून पक्की नव्हती. राहतं घर शाळेचं, चौघांचे व्हिसा या एका नोकरीवर, आणि नवरा स्वतःची चांगली नोकरी सोडून तान्ह्याला सांभाळत घरी बसलेला. अशा वेळी माणूस मान डोलावतो. बाईंनीही डोलावली.

नुसती मान डोलावून थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण हाडाच्या मास्तरीण ना! त्यांनी घरी तालीम सुरू केली. नवऱ्याने चमच्याने स्टीलची थाळी वाजवली की शाळा भरली. पुन्हा वाजवली की सुटली. मधल्या वेळात आई म्हणजे मिस. पाणी हवं असेल तर हात वर, रडू आलं तर गिळायचं. चुकून 'आई' म्हटलं की आउट. भिंगरी एकदाही आउट झाली नाही. "काय तल्लख पोरगी आहे आपली!" असं म्हणून दोघं रात्री हसलीसुद्धा होती.

आता ती तल्लख पोरगी नर्सच्या खोलीतल्या उंच खुर्चीवर बसली होती. नर्सने जखम धुवायला घेतली. औषध झोंबलं असणार, कारण भिंगरीचे पाय ताठ झाले. तोंडातून मात्र हूं की चूं नाही.

"रडलीस तरी चालेल गं," नर्स हळूच म्हणाली. भिंगरीने नकारार्थी मान हलवली.

प्रिन्सिपलबाई आत आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"मी खिडकीतून सगळं पाहिलं," त्या म्हणाल्या. "इतकं लागलं, पण रांग मोडली नाही, आरडाओरडा नाही. तुम्ही फार छान तयार केलंय हिला. पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्या स्टाफला हिचंच उदाहरण देणार आहे मी."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. खिडकीतून पाहिलं! लेकराच्या हनुवटीतून रक्त वाहताना ही बया खिडकीत उभी राहून शिस्तीचे गुण देत होती. आणि आपण? आपण मांजराचं कौतुक करत होतो. बाईंना प्रिन्सिपलबाईंचा राग आला, रांगेचा आला, शाळेने दिलेल्या त्या घराचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

त्या भिंगरीसमोर गुडघ्यांवर बसल्या. "बाळा, मी आई आहे. रड. आई म्हण."

प्रिन्सिपलबाईंनी घसा साफ केला. "घरी गेल्यावर, प्लीज. नियम सगळ्यांना सारखा."

भिंगरीने त्यांच्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. तिची हनुवटी थरथरत होती आणि नर्सला पट्टी नीट लावता येत नव्हती. वाकून, अगदी आईच्या कानाशी, तिने मराठीत विचारलं,

"शाळा सुटली का?"

बाई उठल्या. टेबलावर नर्सचा स्टीलचा ट्रे होता. त्यातला कापूस त्यांनी बाजूला टाकला, शेजारचा औषधाचा चमचा उचलला आणि सारा संताप मनगटात आणून तो ट्रे बडवायला लागल्या. खोली नुसती दणाणून गेली. नर्स दोन पावलं मागे सरकली.

"काय चाललंय हे?" प्रिन्सिपलबाई किंचाळल्या.

"शाळा सुटली," बाई मराठीत म्हणाल्या. त्या भिंगरीशीच बोलत होत्या.

भिंगरीचा चेहरा वेडावाकडा झाला. आधी नुसतंच तोंड उघडलं, आवाज फुटेना. मग "आई गं!" करून तिने असा टाहो फोडला की पट्टी सुटून खाली पडली. बाईंनी ट्रे टाकला आणि तिला उचलून छातीशी धरलं.

"थांबवा तिला," प्रिन्सिपलबाई म्हणाल्या. "वर्ग भरलेत, सगळ्यांना ऐकू जाईल."

आईने पायाने दार ढकलून सताड उघडलं.