परत आलेला डबा

शारजातल्या केरळी चर्चच्या व्हॉट्सॲप गटात ॲन्सीने लिसम्माला ‘नवरे चोरणारी’ म्हटलं, आणि लिसम्माने पोलिसांत तक्रार केली. वकील म्हणाले, “रागात लिहिलं म्हणून शिक्षा कदाचित कमी होईल. पण हद्दपारी टाळायची, तर लिसम्मानेच माफ करायला हवं.” लिसम्माने वकिलांना दारातूनच परत पाठवलं, चर्चच्या फादरनासुद्धा. शेवटी ॲन्सीचा नवरा बिजोय केळ्याच्या वेफर्सचा डबा घेऊन गेला आणि तासाभरात हसत परतला. “सुटलीस! तक्रार मागे घेतली तिने.” “फादरचं ऐकलं नाही, तुमचं बरं ऐकलं!” “अगं, तुझ्या वेफर्सनी काम केलं. रिकामा डबा परत द्यायचा नाही, म्हणून गुळाचे उन्नियप्पम दिलेत.” ॲन्सीने त्यातला एक तळलेला गोड अप्पम तोंडात टाकला. गूळ अगदी नावाला होता. दुसरा तिने उचललाच नाही. “अहो, तुम्हाला मधुमेह आहे, हे आपण इथे कुणालाच सांगितलं नव्हतं ना?”