मानेची तिसरी घडी

दवाखान्यात सिस्टरनी एका बोटाने ढमीची हनुवटी वर उचलली आणि आई, आजोबा दोघंही टेबलावर वाकले.

पाच महिन्यांच्या ढमीला मान आहे हे तोवर सिद्धच झालं नव्हतं. हनुवटी संपली की थेट छाती. आता मधली घडी उलगडली आणि आत लालभडक, ओलसर पट्टा दिसला. त्याच्या कडेला पांढरे गोळे. आंबूस वासही आला.

"हिला पावडर कोण लावतं?" सिस्टरनी विचारलं.

आईने आजोबांकडे बघितलं. आजोबांनी भिंतीवरच्या वजनाच्या तक्त्याकडे.

"मी," शेवटी आजोबा म्हणाले. "दिवसातून चारदा." मग प्रामाणिकपणाचा झटका आला असावा. "पाचदा."

आईने ओठ घट्ट मिटले. सोमवारी तिची रजा संपत होती. ढमी दिवसभर तिच्या आजोबांकडे राहणार की पाळणाघरात जाणार, हे आज सिस्टर काय म्हणतात त्यावर ठरणार होतं. येताना वाटेत तिने आपल्या वडिलांना तसं सरळ सांगितलंही होतं. त्यानंतर ढमीला त्यांनी कडेवरून खाली उतरवलं नव्हतं.

"अहो, बाळाला पावडर लागतच नाही," सिस्टर म्हणाल्या. "लाळ गळते, दूध ओघळतं, ते सगळं जाऊन घडीत बसतं. कातडीवर कातडी घासते. आत वारा नाही, उजेड नाही. वरून तुम्ही पावडर ओतता. मग काय होणार?"

आजोबा विचारात पडले. मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"खळ होणार."

"काय होणार?"

"खळ. पीठ आणि पाणी शिजवून करतो ती, पुठ्ठे चिकटवायला. चाळीस वर्षं पुस्तकं बांधतोय, सिस्टर. आणि इथे नातीच्या गळ्यात खळ घालून बसलो."

आईला हसू आलं. तिने ते खोकल्यात ढकललं.

सिस्टर हसण्याच्या मूडमध्ये नव्हत्या. "नीट ऐका. मऊ कापड कोमट पाण्यात भिजवायचं, पिळायचं आणि हलकेच पुसायचं. मग कोरडं कापड. त्याने घासायचं नाही, टिपायचं. मग पाच मिनिटं मान उघडी ठेवायची. डॉक्टर अशा घड्यांना हे मलम देतात, ते दिवसातून दोनदा, अगदी पातळ. ताप आला, पू दिसला किंवा आठवड्यात फरक पडला नाही, तर लगेच घेऊन यायचं. आणि फुंकर मारायची नाही."

आजोबांचा ओठांचा चंबू तयारच होता. तो तसाच राहिला. "का बरं?"

"तुमच्या तोंडातलं तिच्या मानेत कशाला?"

चंबू मिटला.

"आता करून दाखवा," असं म्हणत सिस्टरनी कापड पुढे केलं.

"द्या, मी करते," आई म्हणाली.

"तुम्हाला जमेल हो. मला यांचं बघायचंय."

आजोबांनी बाह्या दुमडल्या. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि ढमीकडे असं बघितलं, जसं पाण्यात पडलेलं पुस्तक कुणी दुरुस्तीला आणून ठेवावं. मग डावा तळवा तिच्या खांद्यांखाली सरकवला. तिचं डोकं आपसूक मागे कललं आणि मान उघडली. ढमी रडायचंच विसरली. छताला नवीन काही लावलंय का, ते बघत राहिली.

आजोबांनी ओलं कापड घडीत टेकवलं, उचललं. कापडाचा कोपरा बदलला. पुन्हा टेकवलं, पुन्हा उचललं. पांढरे गोळे एकेक करून कापडावर आले.

"ही पहिली," ते पुटपुटले. "ही दुसरी."

"झालं की," सिस्टर म्हणाल्या. "आता कोरडं घ्या."

"थांबा हो. ही बाई सोळापानी दिसतेय. एका कागदाची सोळा पानं करायची तर तीन घड्या लागतात."

त्यांनी ढमीचा गाल अलगद उजवीकडे वळवला. डाव्या कानाखाली केसाएवढी बारीक रेघ होती. आजोबांनी करंगळीने ती जराशी उघडली. आत तिसरी घडी निघाली, पहिल्या दोन्हींपेक्षा लाल आणि ओली.

"हे पान चिकटलंय बघा."

सिस्टर खाली वाकल्या. टेबलावरचा दिवा त्यांनी जवळ ओढला. "अरेच्चा. ही माझ्या नजरेतून सुटली," त्या म्हणाल्या आणि ढमीच्या कागदावर काहीतरी लिहायला लागल्या.

आजोबांचं तिकडे लक्ष नव्हतं. "चिकटलेलं पान आपण ओढत नाही," ते ढमीला समजावत होते. "ओढलं की फाटतं. मग गिऱ्हाईक बोंब मारतं." गिऱ्हाईक बोळकं पसरून हसलं. हसताच लाळेची तार निघाली, आणि ती मानेपर्यंत पोचण्याआधी आजोबांनी कापडाने वरच्या वर टिपली. चेंडू झेलावा तशी.

तिन्ही घड्या कोरड्या कापडाने टिपून झाल्यावर पाच मिनिटं ढमी त्यांच्या हातावर मान उघडी ठेवून पडून राहिली. आई घड्याळाकडे बघत होती. मग घड्याळाकडे बघायचं सोडून त्या दोघांकडेच बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "सोमवारी दुधानंतर लगेच पुसायचं. तिन्ही घड्या."

"हो."

"आणि मी ऑफिसातून सारखे फोन करणार नाही."

आजोबांनी मलमाचं झाकण उघडलं, करंगळीवर तांदळाएवढा ठिपका घेतला.

"कर की गं," ते म्हणाले. "आम्हालाही कुणाला तरी सांगायचं असतं."