माहेरचं नाव

"मिटा डोळे," डॉक्टर म्हणाल्या.

खुर्चीतल्या बाईने डोळे मिटले. वरच्या पापण्या खाली आल्या, खालच्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. मधे पांढरी फट उरली.

"पूर्ण मिटा."

"मिटलेत की," बाई म्हणाली.

"हे असंच असतं हो," तिच्या शेजारी बसलेली थोरली जाऊ म्हणाली. "झोपली तरी आपल्याकडे बघतेय असं वाटतं. भावजी रोज पापण्यांना पट्टी चिकटवून देतात, तेव्हा कुठे डोळा लागतो हिचा."

बाई घड्याळं दुरुस्त करायची. एका डोळ्याला भिंग लावून अठरा वर्षं. डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या. गिऱ्हाईक घड्याळ काउंटरवर ठेवायच्या आधी विचारायचं, बरं नाही का तुम्हाला? त्या पिशव्या काढून घ्यायला ती एका क्लिनिकमध्ये गेली होती. आता दोन्ही डोळ्यांतून सारखं पाणी वाहत होतं, आणि दुकानाला कुलूप होतं.

"मी म्हटलं होतं, अगं, लोक घड्याळ न्यायला येतात, तुला बघायला नाही. पण ऐकेल तर शपथ."

डॉक्टरांनी अंगठ्याने खालची पापणी हलकेच वर सरकवून पाहिली. पापणी वर येईना. कातडी होतीच कुठे वर यायला! पंचवीस वर्षं भाजलेले, फाटलेले चेहरे शिवणाऱ्या डॉक्टरांचा पारा चढला.

"किती काढलंय हे! कोणी केलं? आणि तुम्ही तरी कोणाकडेही कशा जाता? एक साडी घ्यायची तर दहा दुकानं फिरता. ज्याच्या हातात तोंड द्यायचं, तो सर्जन आहे की नाही हे नाही बघायचं? मेडिकल कौन्सिलच्या यादीत नाव शोधायला पाच मिनिटं लागतात."

"बघितलं होतं," बाई शांतपणे म्हणाली. "तीन ठिकाणी चौकशी केली मी. तिथे भिंतीवर एका डॉक्टरबाईंचं प्रमाणपत्र होतं. त्यावरचा नोंदणीचा नंबर उतरवून घेतला, घरी जाऊन यादीत पाहिला. नाव बरोबर, पदवी बरोबर. प्लास्टिक सर्जनच. म्हणून तर गेले."

"मग त्यांनी केलं हे?"

"ते कुठे माहीत आहे? टेबलावर झोपवलं तेव्हा एक चष्मेवाले गृहस्थ होते. म्हणाले, मॅडम हात धुताहेत. तोंडावर कापड टाकलं, इंजेक्शन दिलं. मी जागी होते. मॅडमचा आवाज काही शेवटपर्यंत ऐकला नाही."

दिवा बाजूला सारून डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. कानामागची कातडी घेऊन पापणीला लावता येईल, त्यांनी चित्र काढून दाखवलं. आधी एक डोळा, मग दुसरा. डोळे मिटतील.

"मी स्वतः करीन."

बाईने पर्समधून छोटी वही काढली.

"रागावू नका. तुमचा नोंदणीचा नंबर सांगता?"

"अगं, एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात बसल्यात त्या!" जाऊ कानकोंडी झाली.

"विचारू द्या त्यांना. असंच विचारायला हवं." डॉक्टर हसल्या आणि आकडे सांगू लागल्या.

चार आकडे लिहून बाईचं पेन थांबलं. उरलेले तिने ऐकले फक्त. मग मागचं पान उलटलं, बराच वेळ पाहिलं आणि वही टेबलावर फिरवून डॉक्टरांपुढे ठेवली.

तोच नंबर. खाली सुबक अक्षरात नाव. डॉक्टरांचं माहेरचं. पदवी घेतली तेव्हाचं, नोंदणीत तसंच राहून गेलेलं. लग्नानंतर त्या नावाने त्यांना कोणी हाक मारली नव्हती.

धाकटा दीर कागद घेऊन आला होता तो दिवस त्यांना आठवला. वहिनी, क्लिनिकच्या परवानगीपुरतं हो. आठवड्यातून एकदा तुम्ही येता एवढं दाखवायचंय. ओट्यापाशी उभ्या उभ्या सही केली होती त्यांनी, प्रमाणपत्राची प्रतही दिली होती. गॅसवर दूध होतं. पुढे दोन वर्षांत एकदा विचारलं, कसं चाललंय रे? झकास, तो म्हणाला होता.

"हे... हे नाव माझंच आहे," त्या म्हणाल्या.

जाऊने डोक्याला हात लावला. "बघा! म्हणजे तुमचासुद्धा नंबर चोरला मेल्यांनी! काय एकेक माणसं असतात. तुम्हाला पत्ताच नाही, आणि तुमच्या नावावर..."

बाईचा चेहराही सैलावला. "तुमची काय चूक त्यात," ती म्हणाली.

खोलीबाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. डॉक्टरांनी वही मिटली. पुन्हा उघडली.

"चोरला नाही," त्या म्हणाल्या. "मी दिला होता."

बाई डॉक्टरांकडे बघत राहिली. गालांवरून पाणी वाहत होतं, पण ते सकाळपासूनच वाहत होतं.

"क्लिनिक माझ्या दिराचं आहे. मी तिथे कधी पाऊलही टाकलं नाही. तुम्ही तक्रार करा. त्यात माझंही नाव घाला, दोन्ही नावं घाला. हवं तर मी लिहून देते."

बाई उठली. दारापर्यंत गेली, तिथेच वळली.

"मग आता मी कोणाकडे जाऊ?"

डॉक्टरांनी कागदावर एक नाव लिहिलं, त्यांना शिकवलेल्या सरांचं. त्याखाली सवयीने नंबर लिहायला घेतला, तशी बाई परत आली आणि तिने कागदावर हात ठेवला.

"नंबर राहू द्या. माणूस कसा आहे, ते सांगा."