तिसऱ्यावरून घरी

"हे कसलं क्रिकेट? स्टंपच नाहीत," मनोज म्हणाला, आणि ज्योत्स्नाला इतकं बरं वाटलं की तिनं डब्यातली आणखी एक पुरी त्याच्या हातावर ठेवली. कित्येक दिवसांत नवरा आपणहून असा काही बोललाच नव्हता.

"क्रिकेट नाय, बेसबॉल," तिनं सांगितलं. तिचं ज्ञानही तिथंच संपत होतं. तिचा धाकटा भाऊ शेखर कॉलेजकडून खेळत होता, म्हणून सव्वीस जानेवारीची सुट्टी साधून सगळे घोटीहून देवळाली कॅम्पला आले होते. सहा वर्षांच्या सृष्टीच्या अंगावर झेंडावंदनाचा पांढरा फ्रॉक तसाच होता. छोटा ओम मामाची जुनी बॅट मांडीवर घेऊन बसला होता. तो तिला लाटणं म्हणत होता.

दिवाळीच्या आधी घोटीच्या बाजारात दोघांनी सहादू नावाच्या माणसाला दांडक्यानं मरेस्तोवर मारलं, तेव्हा बघ्यांची ही गर्दी होती. पोलीस आले आणि सगळ्यांची नजर एकदम अधू झाली. पाहिलं म्हणाला तो एकटा मनोज. तेव्हापासून घरावर दगड येत होते, एकदा तर दारात डोकं ठेचलेलं कुत्रं टाकलेलं होतं. आरोपींच्या वकिलानं कहरच केला. हा मनोजच तापट डोक्याचा, यानंच सहादूला मारलं आणि आता दुसऱ्यांवर ढकलतोय, असं त्यानं कोर्टात सांगितलं. उद्या मनोजची साक्ष होती. ती नीट झाली की सुटलो, एवढंच ज्योत्स्ना धरून होती.

मैदानाकाठच्या पायऱ्यांवर त्यांच्या मागेच दोघं येऊन बसले. एक दाढीवाला, दुसरा किडकिडीत, बडीशेप चघळणारा.

"तिसऱ्यापर्यंत येऊ दे त्याला," किडकिडीत म्हणाला. "पण घरी पोचू द्यायचा नाय."

मनोजचा घास हातातच राहिला. घोटीच्या बाजारातून तिसऱ्या गल्लीला वळलं की त्यांचंच घर होतं.

"दुसऱ्या कोणाचं चाललं असेल," ज्योत्स्ना कुजबुजली, पण तिनं डबा बंद केला.

मैदानात कुणीतरी चेंडू टोलवला. लोक ओरडले, सृष्टीनं टाळ्या वाजवल्या. किडकिडीत पुढे वाकला, अगदी मनोजच्या कानापाशी.

"तिसऱ्यावरनं वळला की घर समोरच दिसतं त्याला. तिथंच, घराच्या तोंडाशी उडवायचा."

"उठा," ज्योत्स्ना म्हणाली. "पोरांना घ्या. शेखरला फोन करू नंतर."

मनोज उठला नाही. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. त्यानं ओमला उचलून तिच्या मांडीवर दिलं, आणि बॅट तेवढी त्याच्याजवळ राहिली.

"आजच काढायचा," मागून किडकिडीताचा आवाज आला. "उद्यावर ठेवायचा नाय."

पहिला फटका किडकिडीताच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज ज्योत्स्नाला स्पष्ट ऐकू आला. दुसरा तोंडावर बसला. रक्ताची चिळकांडी सृष्टीच्या फ्रॉकवर उडाली आणि पोरीनं टाहो फोडला. तो माणूस पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला, मनोज त्याच्या मागे उतरला आणि पडलेल्याला मारत राहिला. पाठीत मारलं, मांडीवर मारलं. "घरी पोचू देणार नाय मला? माझ्या पोरांसमोर?" तो किंचाळत होता. ज्योत्स्नानं त्याचा शर्ट धरला तर कोपरानं तिलाच ढकललं. हा आपला नवरा, हे तिला त्या क्षणी पटेना.

मग लोकांनी मनोजला धरलं, आणि धरलं म्हणजे चांगलाच धुतला. लाथाबुक्क्या थांबल्या त्या बंदोबस्तावरचे हवालदार आल्यावर. तोवर त्याचा एक डोळा मिटला होता.

शेखर मैदानातून धावत आला. ज्योत्स्नानं कसंबसं सगळं सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्यानं कपाळाला हात लावला.

"ताई, अगं ते खेळाचं बोलणं! तिसरा म्हणजे तिसरा बेस, धावणाऱ्याचा तिसरा टप्पा. तिथून सुटलेला गडी तिकडं त्या पांढऱ्या फळीवर पोचला की रन. तिला आम्ही घर म्हणतो. दाजी, ते समोर दिसतंय ते घर!"

मनोजनं एका डोळ्यानं त्या फळीकडे पाहिलं. मग तो मटकन खाली बसला आणि पोरासारखा रडायला लागला.

"उद्या साक्ष ना तुमची?" हवालदार म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "एवढ्या लोकांसमोर माणूस फोडलात. मोबाइलवर शूटिंग झालंय. आता तो वकील म्हणेल तेच खरं व्हायचं. समोरच्यानं तक्रार केली नाही, तर काही जमेल."

पोरांना शेखरच्या ताब्यात देऊन ज्योत्स्ना तशीच हॉस्पिटलात गेली. मार खाणाऱ्याचं नाव पुंजाराम, चांदवडकडचा, एवढं तिला कळलं होतं. खाटेवर तो उताणा पडला होता. हात गळ्यात बांधलेला, वरचा ओठ टाके घालून शिवलेला. तिला भडभडून आलं. तिनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"दादा, आमची चूक झाली. आम्हाला हा खेळच ठाऊक नाय. तुम्ही खेळाचं बोलत होता आणि ह्यांना भलतंच वाटलं. माझी लहान लेकरं हायेत. तक्रार तेवढी करू नका."

पुंजारामनं आधी दाराकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. मग तो सुजलेल्या ओठांनी, एकेक शब्द जुळवत बोलला.

"तुमचा नवरा लय सोशिक हो, वहिनी. तीनदा बोलावं लागलं, तेव्हा कुठं उठला."