कोणाला लागलंय?

सुग्रीव उठलाच नाही.

"ऊठ बे! औरंगाबादचा सामना तोंडावर हाय," सुंदरराव मास्तर ओरडले. हुतुतूचं मैदान हसलं.

मास्तरांनी त्याचं धोतर वर सारलं. गुडघ्याला एरंडाची पानं बांधलेली. पानांखाली काळीनिळी सूज. ती आजची नव्हती.

"कधीपासनं?"

"पाडव्याच्या आधीपासनं, मास्तर."

"मी रोज इचारतो. सांगितलं कावून न्हाई?"

सुग्रीवनं मान फिरवली.

पूर्वी ही पोरं तालमीत खेळत. लागलं की तालमीमागच्या लिंबाला चिंधी बांधायची, बरं वाटलं की सोडायची. चिंधी असेतो त्याला कुणी खेळायला बोलवत नसे, काही विचारत नसे. सुंदरराव हैदराबादेहून कवायत शिकून बीडच्या शाळेत आले आणि त्यांनी ती रीत मोडली. चिंध्यांवरून काय कळणार? त्यांनी हजेरीनंतर मुलांना रांगेत उभं करून विचारायला सुरुवात केली, "कोणाला लागलंय? पुढं या. बांगड्या मी भरतो." सगळे हसत. पुढं कोणी येत नसे. तपासणीला आलेल्या शिक्षणखात्याच्या मोहतमीमसाहेबांनी त्यांची पाठ थोपटली होती. साऱ्या जिल्ह्यात एकही दुखापत नसलेली शाळा हीच, असं साहेब म्हणाले होते.

संध्याकाळी पालीहून सुग्रीवचा बाप हरिबा बैलगाडी घेऊन आला. पोराला त्यानं कडब्यावर निजवलं. पाय बघून गेलेल्या वैदूनं तो सरळ होण्याची हमी दिली नव्हती.

"हरिबा, मला म्हाईत नव्हतं," मास्तर म्हणाले.

"आमाला तरी कुठं व्हतं? आईम्होरं बी लंगडला न्हाई." हरिबानं कासरा हाती घेतला. "आता पेरणीला बैलामागं कोण चालंल, तेवढं सांगा."

गाडी वळली तेव्हा मास्तर जमिनीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाली. सवयीनं बांगड्यांचा विनोद ओठांवर आला. मास्तरांनी तो गिळला. मान वर करून मुलांकडे बघणंही त्यांना जमेना. शेवटी ते पाठ फिरवून उभे राहिले.

"ज्याला लागलंय त्यानं खाली बसायचं. मी बघत न्हाई. बसून झालं की सांगा."

मग माती खसपसली. कुणीतरी दात आवळून कण्हलं.

"बसलो, मास्तर."

सुंदरराव वळले. रांगेत एकही मुलगा उभा नव्हता.